नऊ वाजताच्या सावल्या

१

ऑक्टोबरची चौदा तारीख. आभाळ निरभ्र, वारा नदीकडून आणि नावालाच. पहाटे थोडं धुकं होतं, ते सातच्या आत उठलं.

पेंटर नेहमीप्रमाणे उजाडायच्या आधीच कामाला लागला होता. एका हातात काजळी आणि सरस कालवलेली बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याला बांधलेला कुंचला, खांद्यावर फडकं. समोर छावणी पसरली होती. ऐंशी तंबू, सहा स्वयंपाकाच्या चुली, वाळत घातलेले कपडे, नदीवर लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेल्या चौदा नावा. पाहणाऱ्याला वाटावं, हजारभर माणसं आत्ता उठून दात घासायला बाहेर येतील.

तंबूंत कुणीही नव्हतं. नावा तरंगत होत्या खऱ्या, पण एखादा आत बसला असता तर थेट तळाला गेला असता, कारण त्या काठ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाच्या होत्या. चुलींवर कधी काही शिजलं नव्हतं. ही सगळी छावणी शत्रूच्या एका विमानासाठी मांडली होती. ते विमान रोज सकाळी नऊच्या सुमारास यायचं, फोटो काढायचं आणि निघून जायचं. आपली माणसं नदी इथून ओलांडणार आहेत, असं त्याला वाटलं पाहिजे. खरा धक्का वरच्या अंगाला होता, नदीच्या वळणापलीकडे, दाट झाडीत लपवलेला.

हे खोटं घर चालवायला तीन माणसं होती. तंबू आणि नावा सांभाळणारा सुतार. चुलींत ओला पेंढा जाळून जेवणाच्या वेळी धूर काढणारी आणि रोज तेच कपडे वेगवेगळ्या दोऱ्यांवर वाळत घालणारी मावशी. आणि पेंटर. त्याने आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले होते. राजवाडे, जंगलं, चांदण्यातले बगीचे. इथे त्याला माणसं रंगवायची होती.

म्हणजे माणसं नव्हे, त्यांच्या सावल्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी पेंढ्याची माणसं उभी केली होती. वाऱ्याने ती लोळवली, कावळे त्यांच्या डोक्यावर बसू लागले. "ह्यांना पाखरं फसत नाहीत, विमान काय फसणार?" असं मावशीने कपाळाला हात लावून म्हटलं होतं. मग कॅप्टनसाहेबांनी उंचावरून काढलेले फोटो आणून दाखवले. वरून पाहिलं तर माणूस म्हणजे एक ठिपका. तो माणूस आहे हे कळतं ते त्याच्या शेजारी पडलेल्या लांब सावलीमुळे. सावली असली की पुरे, माणसाची गरज नाही.

तेव्हापासून पेंटर रोज चाळीस सावल्या काढत होता. नऊ वाजता ऊन ज्या बाजूने येतं त्याच्या उलट दिशेला, नऊ वाजता जेवढी पडते तेवढ्याच लांबीची. विमान गेलं की वाळू टाकून, खराट्याने ओढून सगळ्या पुसायच्या. दुसऱ्या दिवशी नव्या जागी. कालचा माणूस आज तिथेच उभा दिसला तर शत्रू काय समजायचं ते समजेल.

त्या दिवशी काम आटोपून तो परत निघाला आणि तिसऱ्या चुलीपाशी थबकला.

तिथे एक सावली बसलेली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, एक कोपर गुडघ्यावर, हात हनुवटीला. चूल पेटायची वाट बघत असावी तशी.

बसलेला माणूस पेंटरने कधीच काढला नव्हता. तो काढणं अवघड, आणि वरून तो गाठोड्यासारखा दिसतो. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, सावली टाकणारं कुणी आहे का म्हणून. मग वाकून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली नाही. जमीन तेवढ्यापुरती गार होती.

दूर नदीवर विमानाची घरघर सुरू झाली. तो खंदकाकडे पळाला. विमान गेल्यावर येऊन पाहिलं तर चुलीपाशी नुसतं ऊन पडलं होतं.

२

"चेष्टा करायची तर सांगून कर," पेंटर सुताराला म्हणाला. तिघं खंदकाच्या कडेला चहा घेत बसली होती.

"मी? अरे, मला सरळ रेघ ओढायची तर पट्टी लागते. मी बसलेला माणूस काढणार?"

"मग कुणी काढली?"

"तूच. झोपेत. तीस वर्षं पडदे रंगवलेत, आता हातच आपोआप चालतो तुझा."

"बोटाला काजळी लागली नाही म्हणतो ना तो," मावशी म्हणाली. "ऐकून तरी घे, मेल्या."

"मावशी, तुम्ही त्याच्या बाजूने बोलू नका. आधीच भित्रा आहे."

पेंटर भित्रा नव्हता. तो नीटनेटका होता. एखादी गोष्ट पटली नाही की तिच्याभोवती दहा वेळा फिरून पाहायची त्याला सवय होती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने खिशात लाकडी खुंट्या घेतल्या. चौथ्या ओळीतल्या तंबूपाशी एक परकी सावली सापडली. दोन्ही हातांत बादल्या घेऊन चाललेल्या माणसाची, खांदे ओझ्याने झुकलेले. तिच्या डोक्याच्या टोकाला त्याने खुंटी ठोकली आणि विमान येऊन जाईपर्यंत दम धरला.

त्याच्या स्वतःच्या सावल्या जिथल्या तिथे होत्या. ऊन सरकलं होतं, त्या सरकल्या नव्हत्या; म्हणून तर त्या लगेच पुसाव्या लागत. ही मात्र खुंटीपासून हातभर बाजूला झाली होती आणि आखूडही झाली होती. एखादा खराखुरा माणूस उन्हात उभा असता तर त्याची सावली झाली असती तशीच, तितकीच.

त्याने स्वतःला समजावून पाहिलं. तंबूची दोरी असेल. काठीवर टांगलेला कोट असेल. चाळिशी ओलांडली की डोळे असं करतात. चष्म्याची काच पुसून त्याने पुन्हा पाहिलं. दोरी नव्हती, कोट नव्हता. बादल्यांच्या सावल्या मात्र किंचित हलत होत्या, भरलेल्या बादल्या हलतात तशा.

पेंटरच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

३

सतरा तारखेला त्याला ताप भरला. अंग इतकं तापलं की मावशीने त्याला उठूच दिलं नाही. "एक दिवस तुझी माणसं सुट्टीवर गेली म्हणून युद्ध हरत नाही आपण," असं म्हणून तिने त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. त्या दिवशी छावणीत एकही सावली काढली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत कॅप्टनसाहेब स्वतः आले. आपलंही एक विमान मधूनमधून वरून फोटो काढून छावणी कशी दिसते ते तपासत असे. आदल्या दिवशीचे फोटो त्यांच्या हातात होते.

"पेंटर, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "आजवरचं सगळ्यात चांगलं काम. हे धक्क्यावर रांगेत उभे आहेत बघा. हा एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. आणि हा इथे एकटाच, अगदी कडेला. कसं सुचतं हो तुम्हाला?"

पेंटरने फोटो हातात घेतला. धक्क्यावर, चुलींपाशी, तंबूंच्या वाटांवर, सगळीकडे सावल्या. त्याच्या चाळीस असायच्या. ह्या मोजायला गेला तर नजर फिरली. सुताराने मागून डोकावून पाहिलं. 

"साहेब," पेंटर म्हणाला, "काल मी..."

"काल त्याला ताप होता," मावशी मध्येच म्हणाली. "तरी केलं त्याने. फार हट्टी आहे."

पेंटरने तिच्याकडे पाहिलं. ती चुलीतला पेंढा सारखा करण्यात गुंतली होती.

साहेब खाली बसले आणि आवाज खाली आणला. तेवीस तारखेला सकाळी खऱ्या धक्क्यावरून नदी ओलांडायची होती. फौज नव्हे, इस्पितळ. शत्रू जवळ आला होता आणि नदीच्या अलीकडे अडकलेल्या जखमींना पलीकडे न्यायला तेवढाच एक दिवस होता. त्या दिवशी शत्रूचे बॉम्ब जर वळणापलीकडे गेले, तर काय होईल हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"तुमची मुलगी तिथेच आहे ना?" त्यांनी विचारलं.

पेंटरची एकुलती एक मुलगी त्या इस्पितळात नर्स होती. साहेबांनी फोनवर दोन मिनिटं बोलायची परवानगी दिली. कशाबद्दल बोलायचं नाही हेही सांगितलं.

"बाबा! कुठे आहेस तू? काय काम दिलंय तुला?"

"रंगकाम."

"युद्धात रंगकाम?"

"अगं, सरकारी काम. भिंती रंगवायच्या. तू कशी आहेस?"

"पायांचे तुकडे पडलेत. इथे तीनशेवर माणसं आहेत, बाबा, आणि निम्म्यांना पाऊल टेकवता येत नाही. हलवायचं म्हणतायत आम्हाला." ती थांबली. मागे कुणीतरी कण्हत होतं. "वरून काही आलं तर आमच्याकडे पळणं हा प्रकारच नाही. आम्ही नुसते पडून राहणार."

"काही येणार नाही वरून."

"तुला काय माहीत? तू तर भिंती रंगवतोयस."

"मला माहीत आहे," पेंटर म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याचा हात रिसीव्हरवरच राहिला.

४

त्यानंतर तो परक्या सावल्यांची पडताळणी करेनासा झाला. भीती गेली नव्हती.  पण आता तो त्यांच्यावर पाय देत नसे. वाट अडली तर "जरा सरका" म्हणे, आणि उत्तराची वाट न पाहता वळसा घाली. जिथे त्या बसत किंवा उभ्या राहत तिथे आपली सावली काढायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

"कुणाशी बोलतोस रे?" सुताराने एकदा विचारलं.

"शेजाऱ्यांशी."

सुतार हसला नाही. त्याने फक्त तंबूचं दार जरा जास्त उघडं बांधलं, कुणी आत जाणार असेल तर डोकं आपटू नये इतकं.

एकवीस तारखेची सकाळ मात्र पेंटरला फार जड गेली. तो धक्क्याच्या टोकाशी उभा राहून कंबर सरळ करत होता. समोर फळ्यांवर त्याची सावली पडली होती. त्याच्या पायांपासून निघालेली, टोपीसकट. आणि त्याच पायांपासून आणखी एक निघाली होती. उंच, बिनटोपीची, त्याच्या सावलीला खांदा लावून.

तो हलला तर ती हलली नाही. तिचं डोकं वर होतं, नदीच्या वळणाकडे वळलेलं, त्याची मुलगी होती त्या बाजूला.  मागे वळून पाहावं असं त्याला फार वाटलं. नाटकाच्या पडद्यामागे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळत होतं की काही जागी डोकावलं की खेळ मोडतो. तो वळला नाही. फळ्या करकरल्या, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि त्याच्या पायांशी एकच सावली उरली.

५

तेवीस तारखेला पेंटर अंधारातच उठला. आदल्या दिवशी आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून त्याने निर्धास्तपणे चाळीस सावल्या उरकून घेतल्या. पहाटेच्या दवाने त्या ओघळू नयेत म्हणून बादलीत सरस दुप्पट घातला होता. तेवढीच त्याची चूक झाली.

उजाडलं आणि ढग आले. बघता बघता नदीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत राखाडी छत पसरलं. ऊन नाही, तर सावली कुठून? आणि इथे तर चाळीस माणसांच्या काळ्याभोर सावल्या बिनउन्हाच्या जमिनीवर ठळक दिसत होत्या. एक फोटो, आणि सगळं खोटं उघडं पडलं असतं. ढग खाली असल्यामुळे विमानही आज खालून येणार होतं.

"पुसा!" पेंटर ओरडला.

खराट्याने एकही सावली निघाली नाही. सरस दगडासारखा बसला होता. मग तिघंही फावडी घेऊन वाळू टाकायला लागली. मावशी पदर खोचून पाट्या ओतत होती. सुतार शिव्या देत होता. सरसाला, ढगांना, पेंटरला, सरस शोधून काढणाऱ्या माणसाला.

"पडदा रंगवताना कधी एवढा घट्ट बसला नाही तुझा रंग!"

"बोलू नको, टाक!"

पावणेनऊच्या सुमारास शेवटची सावली वाळूखाली गेली. तिघांनी कंबरेवर हात ठेवून समोर पाहिलं आणि तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. आता छावणीत काहीच नव्हतं. ऐंशी तंबू, चौदा नावा, आणि माणसाची खूण म्हणून एक नाही. खालून उडणाऱ्या विमानाला हे रिकामपण सरळ दिसणार होतं. रिकामी छावणी म्हणजे बॉम्ब दुसरीकडे.

"मी पळत राहू का इकडून तिकडे?" सुतार म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"एकटा? हजार माणसांच्या बदल्यात?" पेंटर म्हणाला.

लांब घरघर ऐकू आली.

मावशी आणि सुतार खंदकाकडे धावले. पेंटर दोन पावलं गेला आणि थांबला. चुलींच्या मधल्या मोकळ्या जागेत, कुणीही नसलेल्या जागेत, तो वळून उभा राहिला. आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"हे बघा," तो म्हणाला, "तुम्ही कोण आहात ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. आजचा दिवस तेवढा इथे असा. वळणापलीकडे माझी पोरगी आहे. तिच्याकडची माणसं पळू शकत नाहीत."

 वाळत घातलेला एक सदरा दोरीवर हलला. वारा पडलेला होता.

६

खंदक अरुंद होता. पलीकडच्या टोकाला मावशी, तिच्या शेजारी सुतार, मग हात-दोन हात जागा सोडून अलीकडच्या भिंतीला चिकटलेला पेंटर. तिघांनी फक्त डोळे बाहेर ठेवले होते.

विमान ढगांच्या पोटातून बाहेर आलं. इतकं खाली की त्याच्या पंखांवरचे जोड दिसावेत. आणि नेमकं तेव्हाच, नदीवरच्या ढगांत एक फट पडली. उन्हाचा एक मोठा तुकडा धक्क्यावर उतरला आणि छावणीभर सरकत आला.

त्या उन्हात सावल्या होत्या.

चाळीस नव्हेत. धक्क्यावर, नावांत, तंबूंच्या दारांत, वाटेवाटेवर, खांद्याला खांदा लावून. त्यांच्या वर, जिथे माणसं असायला हवीत तिथे, नुसता सकाळचा उजेड होता. विमानाचा आवाज डोक्यावर आला तशी त्यांची मुंडकी एकदम वर झाली. मग त्या पांगल्या. जिवाच्या आकांताने पळणारी माणसं जशी पळतात तशा, अडखळत, एकमेकांना ओढत, कुणी पडलेल्याला उचलायला मागे फिरत. मघाशी टाकलेली वाळू पावलापावलाला उडत होती. कापडाच्या नावा एका बाजूला कलल्या, जणू त्यांतून एकदम वीस-वीस माणसं उडी मारून उतरली.

 सावल्यांची एक लाट सरळ खंदकाकडे येत होती. पेंटरने डोळे मिटून घेतले.

माती ढासळली. त्याच्या आणि सुताराच्या मधल्या जागेत काहीतरी धपकन येऊन बसलं. गार. एक खांदा त्याच्या खांद्याला येऊन भिडला आणि कानाशी दम लागल्याचा आवाज येऊ लागला, लांबून धावत आलेल्या माणसाला लागतो तसा.

"पेंटर, सरक की जरा," पलीकडून सुतार डोळे मिटूनच कुरकुरला. "किती अंग टाकतोस माझ्यावर!"

 पेंटरने बाजूला पाहिलं नाही. भिंतीकडे जेवढं सरकता येईल तेवढा तो सरकला आणि शेजारच्याला जागा करून दिली. थोड्या वेळाने कानाशी चाललेला श्वास हळूहळू शांत झाला.

विमानाने एक गिरकी घेतली, छावणीवरून आणखी एकदा गेलं आणि घाईघाईने परत फिरलं. पाऊण तासाने, पूर्वेकडून, बाकीची विमानं आली.

७

तेवीस ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

खोट्या छावणीवर तीन फेऱ्यांत बॉम्ब पडले. एकाहत्तर तंबू, सगळ्या चुली आणि चौदाही नावा जळाल्या. वळणापलीकडे एकही बॉम्ब पडला नाही. खऱ्या धक्क्यावरून तीनशे बारा जखमी, सत्तावीस नर्स आणि चार डॉक्टर दुपारी दोनच्या आत नदीपलीकडे पोचले. पेंटरची मुलगी शेवटच्या नावेत होती. खोट्या छावणीच्या खंदकातून तिघं जिवंत बाहेर आली.